काम मागणाऱ्याचे देणे

मदिनेत प्रेषित मुहम्मद यांच्याकडे एक अन्सारी माणूस भीक मागायला आला. घरात काही आहे का, असे त्यांनी विचारले. तो म्हणाला, एक जाडेभरडे कापड आहे, अर्धे पांघरतो, अर्धे अंथरतो. आणि पाणी प्यायचा एक वाडगा आहे. दोन्ही वस्तू मागवल्या आणि तिथेच लिलाव पुकारला. पहिली बोली एका दिरहमची आली. आणखी कोण देतो, असे पुन्हा विचारल्यावर दोन दिरहमला माल गेला. एका दिरहमचे घरी खायला न्यायचे, दुसऱ्याचे कुऱ्हाडीचे पाते आणायचे असे ठरले. पात्याला दांडा प्रेषितांनी स्वतः बसवला आणि सांगितले, जा, लाकडे तोड, वीक आणि पंधरा दिवस इकडे फिरकू नकोस. तो परत आला तेव्हा त्याच्या गाठीला दहा दिरहम होते. अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहात ही हकिकत आहे.

धर्मग्रंथांत दानाच्या कथांना तोटा नाही. या कथेत मात्र दान जवळजवळ नाहीच, हिशेब आहे. कामाला लावण्याआधी घरच्या चुलीची सोय केली आहे. उपाशी पोरांच्या काळजीने कुऱ्हाड पुन्हा विकायची पाळी येऊ नये म्हणून. भांडवल त्याच्याच घरातले, पण किंमत चारचौघांत ठरली, त्यामुळे अडलेल्याचा माल मातीमोल गेला नाही. हत्यार दांड्यासकट मिळाले. मुदत घालून दिली आणि ती संपल्यावर काय झाले तेही पाहिले. कौशल्य विकास खात्याच्या एखाद्या संचालकाने ही हकिकत टेबलाच्या काचेखाली ठेवावी, इतकी ती नेटकी आहे.

एक गोष्ट मात्र कथा न बोलता गृहीत धरते. मदिनेबाहेर रान होते आणि मोळीला गावात गिऱ्हाईक होते. रान नसते तर त्या कुऱ्हाडीचे काय झाले असते, हा प्रश्न सातव्या शतकातल्या त्या माणसाला पडला नाही. महाराष्ट्रातल्या तरुणाला तो रोज पडतो.

२०२४ च्या पोलीस भरतीत राज्यात १७,४७१ जागांसाठी साडेसतरा लाखांहून अधिक अर्ज आले. त्याच्या आदल्या वर्षी तलाठ्याच्या ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक. या पोरांच्या हातात हत्यार नव्हते असे कुणी म्हणू शकणार नाही. पदवी आहे, एमएससीआयटी आहे, टायपिंगच्या परीक्षा आहेत, काहींकडे आयटीआयचे प्रमाणपत्र आहे. पुण्याच्या सदाशिव आणि नवी पेठेतल्या अभ्यासिकांत एका खुर्चीचे भाडे भरून ही मंडळी दिवसाचे दहा-दहा तास बसतात. हत्यारे वाटून झाली. रानाचा पत्ता कुणी दिलेला नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीच्या इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन डेव्हलपमेंट यांनी २०२४ मध्ये भारतीय रोजगाराचा अहवाल काढला. त्यातली एक जोडी लक्षात राहण्यासारखी आहे. २०२२ मध्ये ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा तरुणांत बेकारीचे प्रमाण ३.४ टक्के होते आणि पदवीधर तरुणांत २९.१ टक्के. शिक्षणाने माणूस बेकार होतो, असा याचा अर्थ काढणारे काढतात. अर्थ इतका सरळ नाही. निरक्षर तरुणाला बेकार राहणे परवडतच नाही. उसाच्या फडावर, बांधकामावर, हॉटेलच्या मोरीत तो मिळेल त्या मजुरीला उभा असतो आणि सरकारी पाहणीत त्याची नोंद ‘रोजगार आहे’ अशी होते. पदवीधराच्या मागे दोन एकरांतून महिन्याचे पैसे पाठवणारा बाप असतो. तेव्हा त्या २९ टक्क्यांत जशी कामाची टंचाई मोजली जाते तशी वाट पाहण्याची ऐपतही मोजली जाते. मेरठच्या अशा वाट पाहणाऱ्या पोरांवर क्रेग जेफ्री या अभ्यासकाने २०१० मध्ये आख्खे इंग्रजी पुस्तक लिहिले आणि त्याला नाव दिले ‘टाइमपास’. आपल्याकडच्या नाक्यावरचा शब्द विद्यापीठीय ग्रंथाच्या कव्हरवर गेला, तो या कारणाने.

या तरुणाचे समाज काही देणे लागतो का? लागत असेल तर काय? पैसे, काम, की शहाणपणाचे चार शब्द? सत्कार समारंभांत शब्दांची उधळण होतेच: कोणतेही काम हलके नसते, श्रमाला प्रतिष्ठा आहे. हे सांगणाऱ्या पाहुण्यांचा स्वतःचा मुलगा सहसा तिसऱ्याच कामात असतो, ते सोडून देऊ.

पैशाचे आधी पाहू. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्टाल नावाची वस्ती होती. तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव एकदम बेकार झाले. १९३१-३२ च्या सुमारास मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल हे तरुण संशोधक तिथे गेले. बेकारभत्ता मिळत होता. पुरेसा नव्हता, पण मिळत होता. वेळ तर सगळ्यांकडे मुबलक. या वेळेत माणसे वाचतील, राजकारण करतील असे वाटावे. झाले उलटे. गावच्या वाचनालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. संशोधकांनी खिडकीआडून रस्त्यावरच्या लोकांची चाल घड्याळ लावून मोजली, तर पुरुष हळू चालू लागले होते, मध्येच थांबत होते. बायकांची चाल मात्र तशी मंदावली नव्हती, कारण घरकाम कुणी बंद पाडले नव्हते. कामातून पगाराखेरीज आणखी काय मिळते, याचा हा बहुधा पहिला शास्त्रीय पुरावा: दिवसाला आकार, चार लोकांत जागा, आणि आपण नसलो तर कुठेतरी काहीतरी अडेल ही जाणीव. भत्त्याने पोट भरते. ही जागा भरत नाही.

म्हणजे देणे कामाचे आहे. पण कोणत्या कामाचे? इथे महाराष्ट्राच्या धर्मविचारात दोन परस्परविरोधी साक्षी आहेत आणि योगायोगाने दोन्ही एकाच गावाशी बांधलेल्या आहेत. ते गाव सोलापूर जिल्ह्यातले मंगळवेढा.

पहिली साक्ष बसवेश्वरांची. बाराव्या शतकात राजा बिज्जलाच्या पदरी असताना ते काही काळ मंगळवेढ्यात होते, पुढे कल्याणला गेले. त्यांच्या अनुयायांत, म्हणजे शरण मंडळीत, काम हाच शिवाच्या भेटीचा मार्ग मानला गेला. कायक म्हणजे आपापला कष्टाचा उद्योग आणि दासोह म्हणजे त्यातले उरेल ते समाजाच्या पंगतीला. चांभार, दोर वळणारा, नावाडी, मोळीविक्या, सगळे एका अनुभव मंटपात बसत. त्यांच्यात आयदक्की मारय्या नावाचा शरण होता; सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे त्याचे कायक. एक दिवस त्याने नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले तेव्हा त्याची बायको लक्कम्मा त्याच्यावर कडाडली. गरजेपुरते ठेव, बाकीचे होते तिथे टाकून ये, असे तिने त्याला बजावले. श्रमाच्या प्रतिष्ठेवर याहून कडक विधान सापडणे अवघड. कष्ट तर हवेतच, पण कष्टाच्या नावाने साठवणही नको.

दुसरी साक्ष चोखोबांची. चौदाव्या शतकात, परंपरेनुसार १३३८ मध्ये, मंगळवेढ्याचे गावकूस बांधण्याच्या कामावर महारांना बोलावले गेले आणि ते कोसळून चोखामेळा त्याखाली गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून पंढरपुरात महाद्वारासमोर त्यांची समाधी केली, असे वारकरी मानतात. चोखोबांना त्या दिवशी काम होते, शंका नाही. बेकारीच्या कोणत्याही पाहणीत त्यांची नोंद बेकार अशी झाली नसती. पण त्या कामाला नाही म्हणण्याची मुभा नव्हती, ते त्यांच्या जन्माबरोबर आले होते, आणि ज्या गावाचे कूस ते बांधत होते त्या गावाच्या आत त्यांना घर नव्हते.

बसवेश्वरांचे कायक आणि चोखोबांची भिंत यांत दोनशे वर्षांहून कमी अंतर आहे. ‘कोणतेही काम हलके नसते’ हे वाक्य पहिल्याच्या तोंडी शोभते. दुसऱ्याला ते ऐकवणे हा छळ आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या दोहोंमधली रेषा सर्वांत स्पष्ट ओढली. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेल्या आणि शेवटी न झालेल्या १९३६ च्या भाषणात त्यांनी दाखवून दिले की जात ही कामाची नव्हे, काम करणाऱ्यांची वाटणी आहे. त्यापुढचा त्यांचा मुद्दा बेकारीच्या चर्चेत क्वचितच आठवला जातो. एका धंद्यात मागणी घटली तर माणसाने दुसऱ्यात जावे हे जात होऊ देत नाही, म्हणून देशातल्या बऱ्याचशा बेकारीचे ती थेट कारण आहे, असे त्यांनी म्हटले होते. त्याआधी १९२८ मध्ये महारवतनासंबंधी विधेयक त्यांनी मुंबई कायदेमंडळात मांडले तेही याच विचाराने. वतन म्हणजे हक्काचे काम, असे गाव म्हणत असे. बाबासाहेबांच्या लेखी ती हक्काची वेठ होती. कनिष्ठ गावकामगारांची ती वतने कायद्याने जायला १९५८ उजाडले.

ही वतने गेली, जातीने ठरवलेले उद्योग सैल झाले, ते उत्तमच झाले. पण त्यातून तत्त्वज्ञानापुढे एक नवीन अडचण उभी राहिली, आणि ती गीतेपाशी नेऊन तपासण्याजोगी आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिले. १९१५ मध्ये ते छापून आले आणि मराठी मध्यमवर्गाला कर्मयोग हा शब्द मिळाला. फळावर डोळा न ठेवता लोकसंग्रहासाठी काम करत राहावे, ही त्यातली शिकवण आजही स्पर्धा परीक्षेच्या वर्गांच्या भिंतींवर फ्रेम करून लावलेली दिसते. तिथे ती जरा विनोदीच वाटते, कारण खाली बसलेल्या प्रत्येकाचा डोळा फळावरच असतो आणि असायलाच हवा. विनोद बाजूला ठेवला तरी खरी अडचण राहते. अर्जुनासमोर काम होते. रथ उभा, सैन्य समोर, शंख वाजलेले. त्याचा प्रश्न, हे करू की टाकू? कर्मयोग या प्रश्नाला उत्तर देतो. ज्याच्यासमोर कर्मच आलेले नाही, त्याने काय करावे, हे गीता विचारत नाही. तिला विचारायची गरजही नव्हती, कारण कोणाच्या वाट्याला कोणते काम यायचे हे वर्णाने आणि कुळाने आधीच ठरवलेले होते. स्वधर्माचे वाटप करणारी यंत्रणा पडद्यामागे चालू आहे, हे धरूनच तो संवाद चालतो.

आता ती यंत्रणा मोडली. ती मोडायलाच हवी होती. मग वाटप कोण करणार? बाजार म्हणतो, मी करतो, पण कुणाचे काही लागत नाही. ज्याचा उपयोग त्याला बोलावीन. गांधीजींना हे उत्तर पुरेसे वाटले नाही. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेच्या आधीपासून ते मांडत होते की शाळेत हस्तोद्योगातून शिक्षण द्यावे आणि शाळांत तयार झालेला माल सरकारने घ्यावा. नई तालीम म्हणून ओळखल्या गेलेल्या या शिक्षणावर पुष्कळ लिहिले गेले; तिच्यातली ही खरेदीची अट मात्र सगळेच विसरले. कुऱ्हाड देणाऱ्याने रानाचीही हमी घ्यावी, असे त्या अटीचे म्हणणे होते. टकळी शाळेत आली, खरेदीदार आला नाही. मग सूत काढणे हा तास भरण्याचा एक प्रकार होऊन बसला. आज प्रशिक्षणाच्या योजना त्याच वळणावर वारंवार अडकतात.

संविधानाने हा प्रश्न अनुच्छेद ४१ मध्ये घेतला. राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेच्या व विकासाच्या मर्यादेत कामाचा, शिक्षणाचा आणि बेकारीत साहाय्य मिळण्याचा हक्क मिळवून द्यावा. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, न्यायालयात दाद मागता येत नाही. संविधान सभेत यावर टीका झाली तेव्हा डॉ. आंबेडकरांचा बचाव असा होता की न्यायालयापुढे नसले तरी मतदारापुढे सरकारला या तत्त्वांचा जाब द्यावा लागेल. त्याच संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगार बंद केली. दोन्ही अनुच्छेद शेजारी ठेवून वाचले की चित्र पुरे होते: काम मिळायला हवे, आणि ते वेठ असता कामा नये.

हे तत्त्व कायद्यात आणण्याचे काम देशात पहिल्यांदा महाराष्ट्राने केले, आणि त्यामागचा माणूस सर्वोदयी वळणाचा, अध्यात्माची ओढ असलेला होता. वि. स. पागे १९६० ते १९७८ या काळात विधान परिषदेचे सभापती होते. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूरला त्यांनी मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग सुरू केला. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा हाच विचार राज्यभर नेण्यावाचून गत्यंतर उरले नाही. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. खडी फोडणारी, पाझर तलावांची माती वाहणारी, सुकडीवर दिवस काढणारी ही पिढी आजही खेड्यांत ‘बहात्तरचा’ एवढाच शब्द उच्चारून गप्प होते. पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

या कायद्याचे मोठेपण त्याच्या कलमांत आहे, आणि ती कलमे वरवर पाहता कारकुनी वाटतात. मजुराने काम मागायचे, त्याची तारीखवार पोच घ्यायची, १५ दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारभत्ता. पोच म्हणजे केवळ कागद नव्हे. त्या क्षणापासून सरकार ऋणको होते आणि मजूर धनको. दात्याला कुणी तारीख विचारत नाही, देणेकऱ्याला विचारता येते. पैशाचीही अशीच बांधणी केली. १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू झाला, त्याचे उत्पन्न या योजनेला जोडले आणि तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची असे ठरले. नोकरदारांच्या पगारपत्रकात आजही दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात. हा कापलेला पैसा कशासाठी सुरू झाला हे बहुतेकांना ठाऊक नसते. ज्याला कायक आहे त्याने नसलेल्यासाठी दासोह करायचा, असा बाराव्या शतकातला विचार पगारपत्रकाच्या रकान्यात येऊन बसला होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

याचा अर्थ योजना निर्मळ चालली असा नाही. खोटे मस्टर, न आलेल्या मजुरांची हजेरी, पहिल्या पावसात वाहून गेलेले बंधारे यांच्या कहाण्या प्रत्येक तालुक्यात आहेत. १९८८ मध्ये मजुरी किमान वेतनाच्या बरोबरीने जवळपास दुप्पट झाली आणि त्यानंतर कामावरची उपस्थिती घसरली. मजुरी वाढल्यावर मागणी वाढायला हवी होती. अर्थशास्त्रज्ञांनी शोधून काढले की कामेच कमी काढली जाऊ लागली. हमी कागदावर होती तशीच राहिली, देणे चुकवण्याची तऱ्हा बदलली. पुढे २००५ मध्ये केंद्राने मनरेगा आणली ती याच घराण्यातली. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने तिच्या जागी नवा कायदा केला: वर्षाचे १०० दिवस १२५ झाले, राज्यांचा आर्थिक वाटा वाढला आणि केंद्राच्या पैशाला आधी ठरवलेल्या वाटपाची चौकट आली. दिवस वाढले, पण मागणीप्रमाणे निधी वाढण्याची वाट अरुंद झाली. ऋणकोनेच कर्जाची कमाल मर्यादा ठरवावी, तसा हा प्रकार आहे.

आणि मुळातच ही हमी अंगमेहनतीच्या अकुशल कामाची. ज्या पोरीने बी.एस्सी. केले तिच्यासाठी या कायद्यात फावड्यावाचून काही नाही. तिला फावडे धरायला लाज वाटते म्हणून ती जात नाही, असे म्हणणे सोपे आहे. तिच्या आईने बहात्तरनंतरच्या कामांवर पाट्या उचलल्या त्या मुलीला पाटी उचलावी लागू नये म्हणून. त्या इच्छेला आळस म्हणणाऱ्याने आईला जाऊन विचारावे.

सुशिक्षितांसाठी अलीकडे ज्या योजना आल्या त्यांचे वळण वेगळे आहे. जुलै २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा शासन निर्णय काढला. १८ ते ३५ वयोगट, सहा महिने प्रत्यक्ष कामाचा अनुभव, बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन. वर्षाला दहा लाख तरुणांचे उद्दिष्ट. विधानसभेची निवडणूक चार महिन्यांवर होती आणि ‘लाडकी बहीण’ योजनेपाठोपाठ ही ‘लाडका भाऊ’ म्हणून गाजली. मतदारापुढे जाब द्यावा लागेल, हे बाबासाहेबांचे म्हणणे अशा रीतीने खरे ठरले. जाब देण्याऐवजी लाड झाले एवढाच फरक. लाड आणि देणे यांत एक व्यावहारिक अंतर असते. लाड किती काळ करायचे हे करणारा ठरवतो.

झालेही तसेच. हजारो पोरे ग्रामपंचायतींत, जिल्हा परिषदांच्या शाळांत, निरनिराळ्या सरकारी कार्यालयांत रुजू झाली. तिथे जागा रिकाम्या होत्याच, त्यामुळे ती प्रशिक्षण घेण्याऐवजी सरळ काम करू लागली. सहा महिने संपत आले, आंदोलने झाली, मुदत आणखी पाच महिने वाढवली गेली. ११ महिन्यांनंतर पुन्हा तोच प्रश्न आणि पुन्हा मोर्चे: आम्हाला कायम करा. सरकारचे म्हणणे, ही नोकरी नव्हती, प्रशिक्षण होते. दोघांचेही बरोबर आहे, आणि दोषही तिथेच आहे. कशाचे प्रशिक्षण, ते पुरे झाले हे कोण ठरवणार, पुरे झाल्यावर कोणत्या दाराशी जायचे, हे शासन निर्णयात नीट बांधलेले असते तर या पोरांना उन्हात बसावे लागले नसते. शाळेत शिकवणाऱ्या मुलाला शिक्षक म्हणायचे नाही आणि शाळा तर त्याच्याकडून चालवून घ्यायची, ही वेठीची सौम्य आवृत्ती आहे. विद्यावेतन बँकेत जमा होते, म्हणून ती सौम्य.

केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजनाही त्याच वर्षीची. देशातल्या सर्वांत मोठ्या ५०० कंपन्यांत पाच वर्षांत एक कोटी तरुणांना वर्षभराचा अनुभव, महिना ५,००० रुपये. पहिल्या फेरीत ८२ हजारांच्या आसपास उमेदवारांना जागा देऊ केल्या गेल्या, २८ हजारांनी होकार कळवला, आणि रुजू झाले साधारण ८,७००. जागा घरापासून फार लांब, मुदत लांबलचक, काम शिक्षणाशी जुळत नाही, अशी कारणे पुढे आली. नागपूरकडच्या मुलाला चेन्नईजवळ ५,००० रुपयांत खोली भाड्याने घेऊन राहता येत नाही, हे समजायला पथदर्शी प्रकल्पाची गरज नव्हती. तरी या आकड्यांत एक चांगली बाजू आहे. नकार देता आला. चोखोबांना ती सोय नव्हती. नकार हा माहितीचा सर्वांत स्वस्त स्रोत आहे. त्यातून योजना कुठे चुकली ते नेमके कळते. तो आळशीपणाच्या खात्यात टाकणारे प्रशासन स्वतःचेच नुकसान करून घेते.

या सगळ्यावर एक रास्त आक्षेप आहे. सरकार सगळ्यांना नोकऱ्या देऊ शकत नाही, मग जे फेडता येणार नाही ते ऋण मान्य कशाला करायचे? अनुच्छेद ४१ मधली आर्थिक मर्यादेची अट हेच सांगते. युरोपीय संघाने याला एक मधले उत्तर शोधले. २०१३ मध्ये सदस्य देशांनी युवा हमी मान्य केली: पंचविशीच्या आतला तरुण बेकार झाला किंवा शिक्षणातून बाहेर पडला की चार महिन्यांत त्याला नोकरी, पुढचे शिक्षण, शिकाऊ उमेदवारी किंवा प्रशिक्षण यांपैकी एक चांगल्या दर्जाची संधी द्यायची. नोकरीचीच हमी नाही, पण उत्तराची आहे. युरोपीय लेखापरीक्षकांनी २०१७ मध्ये सात देश तपासले तेव्हा त्यांपैकी एकालाही सगळ्या तरुणांना चार महिन्यांत संधी देता आलेली नव्हती. अपयशच म्हणायचे. पण ते मोजता आले, कारण चार महिने असे लिहिलेले होते. आपल्या योजनांत उद्दिष्ट असते, तरतूद असते, लाभार्थी असतो. लाभार्थी या शब्दाला तारखेचे बंधन नसते. म्हणून आपले अपयश मोजता येत नाही आणि यशही सिद्ध होत नाही.

तेव्हा युवकांच्या योजनेचे कलम लिहिणे हे नैतिक काम आहे, आणि ते अर्थखात्याच्या उरलेल्या वेळात उरकण्यासारखे नाही. महाराष्ट्राला यासाठी नवे तत्त्वज्ञान आयात करायला नको. पागे यांनी बांधलेली चौकट सुशिक्षितांपर्यंत नेता येईल. राज्य सरकारच्या रिक्त पदांचे भरतीचे वेळापत्रक कायद्याने बांधावे, म्हणजे वाट पाहणाऱ्याला निदान किती वाट पाहायची ते कळेल. कार्य प्रशिक्षणाच्या प्रत्येक जागेसोबत पुढचा मार्ग लिहिलेला असावा आणि जिथे मंजूर पद रिकामे आहे तिथे प्रशिक्षणार्थी बसवायला मनाई असावी. काम नाकारणाऱ्याचे कारण नोंदवून घ्यावे आणि दर सहा महिन्यांनी ते जाहीर करावे. व्यवसाय कराच्या उत्पन्नातला काही भाग शहरी सुशिक्षितांच्या हमीला जोडता येईल का, हा प्रश्न विधिमंडळात एकदा तरी नीट चर्चेला यावा.

आज स्थिती अशी आहे की महास्वयं पोर्टलवर बेरोजगार तरुणाने नाव नोंदवले की त्याला क्रमांक मिळतो. त्या क्रमांकावर सरकारने किती दिवसांत काय उत्तर द्यायचे, हे कुठेही लिहिलेले नाही. माती उचलायला तयार असलेल्या त्याच्या चुलत्याला, निदान कायद्यात, १५ दिवस मिळतात. पुढच्या निवडणुकीत दारात येणारा उमेदवार विद्यावेतनाचा वाढीव आकडा सांगेल. वाचकांनी त्याला थांबवून विचारावे की अर्ज केल्यापासून किती दिवसांत, आणि त्या दिवसांत काही झाले नाही तर पुढे काय.